बिडाचा कॅम आणि जस्ताचे वंगण : जुन्या इंजिनाच्या एका निवडीमागचा इतिहास

थ्रेड.

अमेरिकेत जुन्या मोटारींची इंजिने नव्याने बांधणाऱ्यांना गेली वीस वर्षे एक विचित्र अनुभव येत आहे. इंजिन पूर्ण खोलले जाते, सिलिंडर बोअर केले जातात, नवा कॅमशाफ्ट आणि नवे लिफ्टर बसतात. इंजिन सुरू होते, आणि अर्ध्या तासाच्या आत त्या कोऱ्या कॅमशाफ्टचा एखादा उंचवटा झिजून गोल होतो. लोखंडाचा बारीक कीस ऑइलमधून बेअरिंगपर्यंत जातो आणि सगळे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

१९५५ साली याच रचनेची इंजिने कारखान्यातून प्रचंड संख्येने बाहेर पडत होती आणि वर्षानुवर्षे विनातक्रार चालत होती. धातू तोच, आकार तोच. मग मधल्या काळात बदलले काय? या प्रश्नाचे उत्तर इंजिनात कमी आणि शहरांच्या हवेत अधिक सापडते.

आधी यंत्राची ओळख. इंजिनात हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा असतात. त्या केव्हा उघडाव्यात आणि किती वेळ उघड्या राहाव्यात, हे कॅमशाफ्ट ठरवतो. हा एक दांडा असून त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. उंचवटा फिरत वर आला की त्यावर टेकलेला लिफ्टर उचलला जातो. लिफ्टर पुशरॉडला ढकलतो, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर झडपेला. आपल्याकडच्या गॅरेजात लिफ्टरला टॅपेट म्हणतात.

लिफ्टरच्या इतिहासातील पहिला वाद शांततेचा होता. सॉलिड लिफ्टर म्हणजे धातूचा साधा तुकडा. धातू तापला की वाढतो, म्हणून झडपेपाशी केसाएवढी फट ठेवावी लागते. तीच फट टिकटिक वाजते आणि ठरावीक काळाने पुन्हा मोजून लावावी लागते. श्रीमंत गिऱ्हाइकांना ही टिकटिक नको होती. बफेलो शहरातील पिअर्स-ॲरो या उंची मोटारींच्या कंपनीने १९३३ साली आपल्या गाड्यांत हायड्रॉलिक लिफ्टर दिले. लिफ्टरच्या पोटात ऑइलचा एक छोटा कप्पा असतो. तो भरला की फट आपोआप मिटते आणि आवाज जातो. महामंदीने ही कंपनी १९३८ साली बुडाली. तिची युक्ती मात्र पुढे साध्यासुध्या गाड्यांतही रुळली.

हायड्रॉलिकची मर्यादा वेगात दिसली. फेरे फार वाढले की जुन्या धाटणीच्या लिफ्टरच्या पोटात गरजेपेक्षा जास्त ऑइल साठे आणि झडप पूर्ण मिटेनाशी होई. शर्यतीच्या मंडळींनी म्हणूनच टिकटिक पत्करली, पण सॉलिड लिफ्टर सोडला नाही.

येथे झोरा आर्कस-डंटॉव्ह हे नाव येते. १९०९ साली ब्रुसेल्समध्ये जन्मलेला, रशियात वाढलेला हा अभियंता १९५३ मध्ये जनरल मोटर्समध्ये दाखल झाला. एड कोल यांच्या देखरेखीखाली तयार झालेले शेव्रोलेचे छोटे व्ही-८ इंजिन १९५५ च्या मॉडेलांत आले. आकार २६५ घनइंच, म्हणजे सुमारे ४.३ लिटर. डंटॉव्हने त्यासाठी सॉलिड लिफ्टरचा एक कॅम आखला. झडप फार उंच उचलण्यापेक्षा ती अधिक वेळ उघडी ठेवावी, हा त्यामागचा विचार. १९५६ च्या जानेवारीत डेटोना बीचच्या वाळूवर त्याने कॉर्व्हेट ताशी १५० मैलांच्या पुढे नेली. पुढच्याच वर्षी वाढवलेले २८३ घनइंची इंजिन इंधन इंजेक्शनसह २८३ अश्वशक्ती देत असल्याची जाहिरात झाली : घनइंचाला एक अश्वशक्ती. हा कॅम आजही ‘डंटॉव्ह कॅम’ म्हणूनच ओळखला जातो.

सॉलिड असो की हायड्रॉलिक, त्या काळच्या या लिफ्टरांना ‘फ्लॅट’ म्हणत. हे नाव फसवे आहे. लिफ्टरचा तळ सपाट नसतो. तो डोळ्याला न दिसणाऱ्या प्रमाणात फुगीर असतो. कॅमचा उंचवटाही एका बाजूला इंचाच्या एक-दोन हजारांशांनी उतरता घासलेला असतो आणि लिफ्टर त्याच्या मध्यावर न बसता किंचित बाजूला बसतो. परिणामी प्रत्येक उचलीबरोबर लिफ्टर स्वतःभोवती थोडा फिरतो आणि झीज एकाच जागी साचत नाही. हे फिरणे थांबले की कॅमचे आयुष्य काही मिनिटांवर येते. इतक्या स्वस्त सुट्या भागात इतका बारीक विचार क्वचितच झाला असेल.

तरीही बिडाचा कॅम आणि त्यावर घासणारा लिफ्टर यांच्यातील दाब प्रचंड असतो. तेथे ऑइलचा थर कधीकधी फाटतो आणि धातू धातूला भिडतो. त्या क्षणी इंजिन वाचवणारा पदार्थ म्हणजे झिंक डायअल्किल डायथायोफॉस्फेट. मेकॅनिक त्याला नुसते ‘झिंक’ म्हणतात. १९४० च्या दशकात तो ऑइलमध्ये आला तो ऑइल लवकर खराब होऊ नये आणि बेअरिंग गंजू नयेत म्हणून. झीज रोखण्याचा त्याचा गुण नंतर ओळखला गेला, आणि १९५० च्या दशकातील जोरकस स्प्रिंगांच्या व्ही-८ इंजिनांना नेमकी त्याचीच गरज होती. उष्णता आणि दाबाखाली तो विघटित होतो आणि धातूवर फॉस्फेटचा काचेसारखा पातळ थर तयार करतो. झिजतो तो हा थर. धातू शाबूत राहतो. फ्लॅट लिफ्टर आणि हे ऑइल अशा रीतीने एकमेकांच्या आधाराने मोठे झाले.

ताटातूट घडवली ती धुराने. लॉस एंजेलिससारख्या शहरांचा श्वास कोंडला होता. १९७० च्या अखेरीस अमेरिकेत स्वच्छ हवेचा कडक कायदा झाला आणि १९७५ च्या मॉडेलांपासून बहुतेक मोटारींत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. शिसे त्याला विष, म्हणून पेट्रोलमधून शिसे हटवणे भाग पडले. फॉस्फरसही त्याला मारतो; फक्त सावकाश. जळालेल्या ऑइलमधून आलेला फॉस्फरस कन्व्हर्टरच्या पृष्ठभागावर बसतो आणि त्याला निकामी करतो. १९९० च्या दशकात मोटारींच्या ऑइलमधील फॉस्फरसची मर्यादा आधी ०.१२ आणि मग ०.१० टक्क्यांवर आली. २००४ च्या ‘एसएम’ मानकाने नेहमीच्या पातळ ऑइलांसाठी ती ०.०८ टक्के केली.

नव्या गाड्यांना याची झळ बसली नाही, कारण तोवर त्यांचे लिफ्टर बदलले होते. फोर्डने १९८५ साली मस्टँगच्या ५ लिटर इंजिनात आणि शेव्रोलेने १९८७ साली आपल्या छोट्या व्ही-८ मध्ये रोलर लिफ्टर आणले. त्याच्या तळाशी एक चाक असते. घासण्याऐवजी लोळणे आले, घर्षण घटले, इंधन वाचले. कल्पना नवी नव्हती. विमानांच्या तारकाकृती इंजिनांत रोलर कितीतरी आधीपासून होते. मोटारींना तो खर्च तोवर परवडत नव्हता, एवढेच.

मागे राहिली ती जुनी इंजिने. आणि दोष एकट्या ऑइलचा नाही, हेही नमूद करायला हवे. शर्यतीची हौस म्हणून बसवलेल्या अतिकडक स्प्रिंगा, घटलेली मागणी आणि तिच्यामागोमाग घसरलेला लिफ्टरचा दर्जा, पहिल्या सुरुवातीची घाई : बहुतेक मेलेल्या कॅमांमागे यांपैकी एकाहून अधिक कारणे असतात.

त्या पहिल्या सुरुवातीचा नियम कडक आहे. नव्या फ्लॅट कॅमचे इंजिन सुरू होताच मिनिटाला २००० हून अधिक फेऱ्यांवर वीस ते तीस मिनिटे चालवायचे. आयडलवर सोडायचे नाही. कॅमला ऑइल मिळते ते मुख्यतः खाली फिरणाऱ्या क्रँकशाफ्टच्या उडत्या तुषारांतून, आणि संथ फेऱ्यांत ते पुरेसे उडत नाहीत. शिवाय कॅमच्या टोकावरचा दाब आयडललाच सर्वाधिक असतो. एकदा जमलेली जोडी मोडायचीही नाही : वापरलेला लिफ्टर त्याच्याच उंचवट्यावर परत जातो, आणि नव्या कॅमला नवेच लिफ्टर लागतात.

रोलरला हे सोवळे लागत नाही. पण १९५५ च्या ब्लॉकला रोलर बसवणे म्हणजे केवळ सुटे भाग बदलणे नव्हे. रोलर लिफ्टर फिरला तर चाक आडवे होईल, म्हणून दोन-दोन लिफ्टर पट्टीने जोडावे लागतात. त्यांची उंची जास्त, म्हणून पुशरॉड आखूड लागतात. फ्लॅट कॅमचा उतार त्याला मागे दाबून ठेवत असे; रोलर कॅमला तो उतार नाही, म्हणून तो पुढे सरकू नये यासाठी वेगळा अटकाव हवा. कॅम पोलादी असेल, तर डिस्ट्रिब्युटरचे गिअरही त्याला साजेशा धातूचे घ्यावे लागते. खर्च फ्लॅटच्या कितीतरी पट होतो.

तेव्हा रोज चालवायच्या गाडीला हायड्रॉलिक रोलर हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. पण डंटॉव्ह कॅमच्या १९५७ च्या कॉर्व्हेटला तो बसवला, तर जी टिकटिक ऐकण्यासाठी ती गाडी जपायची तीच हरवते. अशा इंजिनाला फ्लॅटच शोभतो : माफक स्प्रिंगा, दर्जाची खात्री असलेले लिफ्टर आणि भरपूर झिंक असलेले ऑइल यांसह.

मुंबईत हीच रचना काळ्यापिवळ्या रंगात दशकानुदशके धावली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या पद्मिनीत फियाटचे १०८९ घनसेंटिमीटरचे पुशरॉड इंजिन होते. टॅपेट सॉलिड, गॅप फीलर गेजने लावायची. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये शहराच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. खासगी मालकांनी जपलेल्या पद्मिनी आजही आहेत. त्यांच्या सौम्य इंजिनांपुढे रोलरचा प्रश्न फारसा उभा राहत नाही. २०डब्ल्यू-५० सारखी जाड ऑइलेही २००४ च्या त्या ०.०८ टक्क्यांच्या मर्यादेबाहेर होती. तरी जाडीच्या आकड्यावर विसंबू नये : डबा घेताना त्यातील झिंक आणि फॉस्फरसचे प्रमाण उत्पादकाच्या माहितीपत्रकात पाहून घ्यावे.