परमवीर चक्राची शिल्पकार : सावित्रीबाई खानोलकर

परमवीर चक्र हा आपल्या सैन्याचा युद्धकाळातला सर्वोच्च सन्मान, हे शाळकरी मुलंही सांगतील. पण त्या पदकाचं रेखाटन कोणी केलं, असं विचारलं तर आपल्यापैकी बरेच जण गप्प बसतील. ते केलं एका मराठी लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नीने. आणि गंमत म्हणजे ही मराठी सून जन्माने युरोपियन होती! स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असं संपादक मंडळ म्हणालं, तेव्हा प्रथम सावित्रीबाई खानोलकर यांचंच नाव डोळ्यांसमोर आलं.

त्यांचं मूळ नाव ईव्ह इव्होन. जन्म 20 जुलै 1913 चा, स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल गावचा. वडील हंगेरियन, आई रशियन. वडील जिनिव्हात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. घरात पुस्तकांना तोटा नव्हता आणि भारताविषयी वाचून वाचून मुलीला या देशाची ओढ लागली होती. 1929 च्या सुमारास विक्रम रामजी खानोलकर हा तरुण इंग्लंडच्या सँडहर्स्ट लष्करी महाविद्यालयात शिकत होता. सुटीत तो तिकडे गेला असताना दोघांची ओळख झाली. घरच्यांचा विरोध होता, पण मुलगी जिद्दीची. ती भारतात आली आणि 1932 मध्ये लखनौला त्यांचं लग्न झालं. ईव्हची सावित्री झाली.

नुसतं नाव बदलणं सोपं असतं हो! सावित्रीबाईंनी साडी स्वीकारली, शाकाहार स्वीकारला. मराठी, हिंदी आणि संस्कृत या भाषा शिकून घेतल्या. आम्ही बँकवाले दर तीन वर्षांनी बदलीची ऑर्डर आली की कुरकुरायचो. लष्करात तर बिऱ्हाड कायमच पाठीवर. पण पतीची नेमणूक पाटण्याला झाली, तर बाईंनी तिथल्या विद्यापीठात वेद, उपनिषदांचा अभ्यास सुरू केला. दोन मुलींचा संसार सांभाळून हे सगळं. पुढे त्यांनी महाराष्ट्रातील संतांवर इंग्रजीत पुस्तकही लिहिलं.

या व्यासंगाचं चीज स्वातंत्र्यानंतर झालं. स्वतंत्र देशाला स्वतःची शौर्यपदकं हवी होती. मेजर जनरल हिरालाल अटल यांच्याकडे ती जबाबदारी होती. त्यांनी परमवीर चक्राच्या रेखाटनासाठी सावित्रीबाईंना विचारलं. बाईंना आठवले दधीची ऋषी. वृत्रासुराला मारण्यासाठी त्यांनी देह ठेवून आपल्या अस्थी दिल्या आणि त्यांतून इंद्राचं वज्र घडलं. सैनिकाच्या बलिदानाला याहून समर्पक प्रतीक कोणतं? पदक साधं, कांस्य धातूचं, गोल. मध्यभागी राजमुद्रा, भोवती चार वज्रं आणि वर जांभळी फीत. 26 जानेवारी 1950 रोजी हे पदक सुरू झालं आणि 15 ऑगस्ट 1947 पासूनच्या पराक्रमासाठी लागू झालं.

नियतीचा योगायोग पाहा. पहिलं परमवीर चक्र मिळालं ते मेजर सोमनाथ शर्मा यांना, मरणोत्तर. 3 नोव्हेंबर 1947 रोजी काश्मीरमध्ये बडगामच्या लढाईत ते धारातीर्थी पडले होते. सोमनाथ हे सावित्रीबाईंच्या थोरल्या मुलीचे दीर! आजवर 21 वीरांना हे पदक मिळालं, त्यांपैकी 14 जणांना मरणोत्तर. म्हणजे 14 घरांत पदक आलं, पण माणूस परतला नाही.

मागे राहिलेल्या अशा कुटुंबांची सावित्रीबाईंना चांगलीच जाणीव होती. सैनिकांच्या कुटुंबांसाठी आणि फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांसाठी त्यांनी स्वयंसेवेने काम केलं. लष्करी पत्नींची कल्याण संघटना स्थापन झाली 1966 मध्ये. त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. 1952 मध्ये मेजर जनरल विक्रम खानोलकर यांचं निधन झालं. त्या वेळी बाईंनी चाळिशीही गाठली नव्हती. माहेरी युरोपात परतणं अशक्य नव्हतं, पण त्या इथेच राहिल्या. समाजकार्य आणि रामकृष्ण मठाच्या सान्निध्यातील साधना यांत त्यांनी उरलेलं आयुष्य घालवलं. 26 नोव्हेंबर 1990 रोजी त्यांचं निधन झालं.

त्यांना कुणी परदेशी म्हटलेलं आवडत नसे. आपण चुकून युरोपात जन्मलो, मन मात्र भारतीयच, असं त्या म्हणत, असं सांगतात. आपल्याकडे नवीन बिऱ्हाड आलं की पहिला प्रश्न असतो, "मूळचे कुठले?" विचारायला हरकत नाही, पण माणूस तेवढ्यावर मोजू नये. आपल्या इमारतींतही निरनिराळ्या गावांहून आणि प्रांतांतून आलेली कुटुंबं आहेत. पाण्याचा टँकर असो, गणेशोत्सव असो की कुणाचं रात्री-अपरात्रीचं आजारपण, पदरमोड करून धावणारे यांच्यातलेच. माणूस कुठला, हे त्याच्या जन्मदाखल्यावरून ठरत नाही. तो कुणासाठी झिजला यावरून ठरतं. न्यूशातेलची ईव्ह त्या हिशेबाने पक्की आपली ठरते.

पदकावर ते रेखाटणाऱ्याचं नाव नसतं. आपल्या नातवंडांना ते नाव आपणच सांगू या.