सिंथेसायझर ते ॲसिड हाऊस: एखादा संगीतप्रकार नेमका कधी जन्मतो?



१९८२ मध्ये भारतात एक एलपी ध्वनिमुद्रिका निघाली. तिचे नाव 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम करणाऱ्या चरणजित सिंग यांनी रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रे वापरून तीत दहा राग वाजवले होते. ती खपली नाही आणि विसरली गेली. १९८७ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरात 'ॲसिड ट्रॅक्स' ही रेकॉर्ड निघाली. तिच्यात त्या तीनपैकीच एक यंत्र होते, आणि तिच्यापासून 'ॲसिड हाऊस' हा संगीतप्रकार सुरू झाला असे मानतात. २०१० मध्ये मुंबईची ध्वनिमुद्रिका पुन्हा प्रकाशित झाली, तेव्हा दोन्हींतले साम्य ऐकून अनेकांनी विचारले, "म्हणजे ॲसिड हाऊसचा शोध मुंबईत लागला का?"

या टिपणात आपण या प्रश्नाचे उत्तर शोधू. त्यासाठी आधी थोडे मागे जावे लागेल.

१. व्होल्टेजवर चालणारे वाद्य

१९६४ मध्ये रॉबर्ट मूग या अमेरिकन अभियंत्याने हर्बर्ट डॉइच या संगीतकाराच्या मदतीने आपला पहिला सिंथेसायझर तयार केला. त्यामागची कल्पना तुम्हाला सहज कळेल. ऑसिलेटर मूळ ध्वनी तयार करतो, फिल्टर त्यातल्या नको त्या वारंवारता गाळतो आणि ॲम्प्लिफायर ध्वनीची पातळी ठरवतो. मूग यांनी हे तिन्ही भाग व्होल्टेजच्या नियंत्रणाखाली आणले. पुढे रूढ झालेल्या प्रमाणानुसार व्होल्टेज एकने वाढवले की वारंवारता दुप्पट होते, म्हणजेच स्वर एक सप्तक वर जातो.

यातून एक महत्त्वाची गोष्ट साधली. व्होल्टेज पट्टी दाबून देता येते, तसेच दुसऱ्या सर्किटकडूनही देता येते. ठरवलेल्या क्रमाने व्होल्टेज पाठवणाऱ्या सर्किटला सिक्वेन्सर म्हणतात. सिक्वेन्सर जोडला की वाद्य न थकता एकच आकृती तासन्‌तास वाजवू शकते. नृत्यसंगीताला नेमके हेच हवे होते.

२. प्रयोगशाळेतून नाचाच्या जागी

सुरुवातीचे मूग महाग आणि कपाटाएवढे होते. विद्यापीठे, मोठे स्टुडिओ आणि मोजके श्रीमंत कलाकार यांच्याकडेच ते असत. १९६८ मध्ये वेंडी कार्लोस यांच्या 'स्विच्ड-ऑन बाख' या ध्वनिमुद्रिकेने हे वाद्य घरोघरी माहीत केले, पण ते संगीत बसून ऐकण्याचे होते.

जर्मनीत चित्र बदलले. ड्युसेलडॉर्फच्या क्राफ्टवेर्क या गटाने १९७४ मध्ये 'आउटोबान' काढले आणि यंत्राचा यांत्रिकपणा न लपवता तोच आपल्या संगीताचा विषय केला. १९७७ मध्ये म्युनिकला जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट यांनी गायिका डोना समर यांच्यासाठी 'आय फील लव्ह' तयार केले. त्यात गाणारा आवाज आणि बास ड्रम सोडला, तर जवळजवळ सगळे मूगवर केलेले आहे. डिस्कोतला वाद्यवृंद गेला आणि त्याच्या जागी सिक्वेन्सर आला.

३. फसलेली यंत्रे

आता जपानकडे वळू. रोलँड कंपनीने १९८० मध्ये टीआर-८०८ हे तालयंत्र आणि त्यानंतर लवकरच टीबी-३०३ हे बास-यंत्र बाजारात आणले. ३०३ चा हेतू साधा होता. एकट्याने गिटारचा सराव करणाऱ्याला साथ देणारा बास-वादक हवा, म्हणून ते बनवले. पण त्याचा आवाज खऱ्या बास गिटारसारखा येत नसे आणि त्यात स्वर भरण्याची पद्धतही किचकट होती. १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. ८०८ चा आवाजही खऱ्या ढोलासारखा नव्हता. ते त्याआधीच बंद झाले होते. साहजिकच ही यंत्रे जुन्या वस्तूंच्या दुकानांत स्वस्तात मिळू लागली.

त्याच काळात आणखी एक गोष्ट घडली. १९८३ मध्ये मिडी हे प्रमाण आले. वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये आता एका केबलने जोडता येऊ लागली. पूर्वी स्टुडिओ लागत असे, तिथे आता एका खोलीत काम भागू लागले.

४. शिकागो

१२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्क या बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या रेकॉर्डची पेटी स्फोटाने उडवण्यात आली आणि प्रेक्षक मैदानात घुसले. डिस्को हे प्रामुख्याने कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी लोकांच्या क्लबांतून वाढलेले संगीत होते. त्यामुळे या घटनेकडे केवळ संगीताच्या आवडीनिवडीचे भांडण म्हणून पाहता येत नाही. त्या रात्री मैदानावर प्रेक्षकांना जागा दाखवण्याचे काम करणाऱ्यांत व्हिन्स लॉरेन्स हा कृष्णवर्णीय मुलगा होता. तो सिंथेसायझर घेण्यासाठी पैसे साठवत होता. १९८४ मध्ये जेसी सॉन्डर्ससोबत त्याने केलेले 'ऑन अँड ऑन' हे हाऊस संगीताच्या अगदी पहिल्या रेकॉर्डपैकी एक मानले जाते.

मोठ्या कंपन्यांनी डिस्कोकडे पाठ फिरवली, पण शिकागोच्या क्लबांत नाच थांबला नाही. 'वेअरहाऊस' क्लबमध्ये फ्रँकी नकल्स, तर 'म्युझिक बॉक्स'मध्ये रॉन हार्डी रेकॉर्ड लावत. 'हाऊस' हे नाव 'वेअरहाऊस'वरूनच आले असे सर्वसाधारणपणे मानतात. फ्यूचर या तीन तरुणांच्या गटाने जुना ३०३ मिळवला आणि तो वाजत असताना फिल्टरची बटणे फिरवत राहिले. त्यातून एक चिरकणारा, वळवळणारा आवाज निघाला. बटणे अशी फिरवत राहण्यासाठी ते यंत्र बनवलेले नव्हते. हे ध्वनिमुद्रण हार्डीने क्लबमध्ये लावले. असे सांगतात की पहिल्यांदा लोक नाचायचे थांबले. त्याच रात्री त्याने ते पुन्हा पुन्हा लावले आणि चौथ्या वेळी सगळे बेभान नाचू लागले. पुढे ट्रॅक्स रेकॉर्ड्स या स्थानिक कंपनीने 'ॲसिड ट्रॅक्स' प्रकाशित केले. इतर तरुणांनी ते ऐकले, आपापले ३०३ शोधले, आणि काही महिन्यांत हा आवाज इंग्लंडलाही पोहोचला.

५. अहमदाबाद आणि मुंबई

मग भारतात काय झाले? आपल्याकडे यंत्र उशिरा आले, हा समज बरोबर नाही. १९६९ मध्येच अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीने मूगचा स्टुडिओ उभा राहिला होता. गीता साराभाई, अतुल देसाई आदी संगीतकारांनी तिथे रचना केल्या. पण काही वर्षांत ते काम थांबले आणि टेप अनेक दशके संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या.

मुंबईत १९८० च्या 'कुर्बानी' चित्रपटानंतर डिस्कोची लाट होती. चरणजित सिंग यांच्या हाताशी ३०३, ८०८ आणि ज्युपिटर-८ ही यंत्रे होती. ३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. मींड ऐकून वाढलेल्या कानाला तिचा उपयोग लगेच सुचावा, यात नवल नाही. अमेरिकेतल्या तरुणांच्या आधी काही वर्षे त्यांनी या यंत्राची क्षमता ओळखली, हे निर्विवाद आहे.

पण आयात निर्बंध आणि जबर सीमाशुल्काच्या त्या काळात तशी यंत्रे मोजक्या वादकांकडेच होती. जुन्या यंत्रांचा स्वस्त बाजार नव्हता. दर आठवड्याला त्याच नव्या आवाजावर नाचणारा आणि आपला कौल देणारा समूह नव्हता. तरुणांच्या रेकॉर्ड काढणाऱ्या छोट्या स्थानिक कंपन्याही नव्हत्या. म्हणून ती ध्वनिमुद्रिका ऐकून दुसरी कोणी केली नाही.

६. मग उत्तर काय?

पहिली कृती आणि संगीतप्रकाराचा जन्म या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चरणजित सिंग यांचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे, आणि 'ॲसिड हाऊस मुंबईत जन्मले' असे न म्हणताही ते देता येते. शिकागोच्या तरुणांनी मुंबईची ध्वनिमुद्रिका ऐकली होती याचा पुरावा नाही. ते आपल्या वाटेने तिथे पोहोचले, आणि त्यांच्या मागून इतरही येऊ शकले. संगीतप्रकाराला ही मागून येणारी माणसे लागतात.

तुमच्यापैकी बरेच जण उद्या यंत्रे आणि प्रणाली तयार कराल. तेव्हा एवढे ध्यानात ठेवा की तुमच्या तपशीलपत्रकात नसलेला उपयोग कोणीतरी शोधील. पण ते यंत्र त्याच्या हाती पडेल का, हे किंमत, कायदे आणि बाजार ठरवतील.

विचारासाठी प्रश्न
(अ) मिडी हे प्रमाण आले नसते, तर घरच्या खोलीत संगीत करणाऱ्यांवर काय परिणाम झाला असता?
(आ) तुमच्या भाषेच्या प्रदेशात एखादे वाद्य किंवा यंत्र मूळ हेतूपेक्षा वेगळ्या कामासाठी रुळले आहे का? ते तसे रुळायला कोणती परिस्थिती कारणीभूत ठरली?