सहा दिवसांची कसोटी आणि आमचे अंगण

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून संतांची चरित्रे, पानिपतची लढाई, भोसल्यांचा दरबार असे विषय आपण ऐकत आला आहात. तेथे आम्ही मोटारसायकल घेऊन उभे राहावे, हे काहींस चमत्कारिक वाटेल. तथापि ज्या यंत्राने आपल्या नागपुरातील कितीतरी घरांच्या रविवारच्या सकाळी खाऊन टाकल्या, त्याची हकीकत ऐकून घेण्यास हरकत नसावी. हकीकत बुलेटची आहे. आणि बुलेट ज्या खेळातून घडून आली, त्या ट्रायलची आहे.

ट्रायल म्हणजे शर्यत नव्हे. ओढ्याचे दगडगोट्यांचे पात्र, निसरडी चढण, चिखलाची नाळ असा एकेक तुकडा आखून देतात. पंच बाजूस उभा असतो. स्वाराने तेवढा तुकडा जमिनीला पाय न लावता पार करावयाचा. पाय टेकला की दोष, गाडी थांबली की अधिक दोष. ज्याच्या खाती सर्वांत कमी दोष तो विजयी. वेगाला येथे किंमत नाही. माणसाच्या चालीहून सावकाश जावे, पण इंजिन बंद पडू देऊ नये, यात सारी करामत.

याच कुळातील दुसरा प्रकार म्हणजे आंतरराष्ट्रीय सहा दिवसांची ट्रायल. ती 1913 साली इंग्लंडात कार्लाइल येथे सुरू झाली. रोज मोठा पल्ला, वाईट रस्ते आणि ठरलेली वेळ. तिचा एक नियम मात्र आमच्या विषयाच्या मुळाशी आहे. यंत्राचे मुख्य भाग आधीच खुणा करून ठेवीत, म्हणजे ते वाटेत बदलता येऊ नयेत. आणि जे काही बिघडेल ते स्वाराने स्वतःच्या हाताने, बरोबर आणलेल्या हत्यारांनी दुरुस्त करावयाचे. दुसऱ्या कुणी पाना लावून चालत नसे. अशा कसोटीला उतरणारी गाडी नुसती मजबूत असून भागत नाही. ती रस्त्याच्या कडेला, थकल्या हातांनी, चार पान्यांत उघडता आली पाहिजे.

रेडिच येथील रॉयल एनफिल्ड कारखान्याची बुलेट 1948 च्या आरंभी प्रथम दिसली ती दुकानाच्या काचेआड नव्हे, कोलमोर चषकाच्या ट्रायलमध्ये. बुलेट हे नाव 1932 पासूनचे, पण ही गाडी नवी होती. तिच्या मागच्या चाकाला स्प्रिंगांचा आधार दिलेला होता. त्या काळचे जाणते स्वार मान हलवीत. मागचे चाक सांगाड्याला घट्ट असले तरच चिखलात पकड राहते, असा त्यांचा पक्का समज. त्याच वर्षी इटलीत सान रेमो येथे सहा दिवसांची ट्रायल झाली. ब्रिटिश संघाने तेथील मुख्य चषक जिंकला आणि बुलेटवरच्या दोघा स्वारांनी सुवर्णपदके मिळविली. पुढे जॉनी ब्रिटन याने 1952 आणि 1957 साली स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल बुलेटवरच जिंकली. वाद आपोआप मिटला.

पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी आपल्या लष्कराला सरहद्दीवरील गस्तीसाठी मोटारसायकली हव्या होत्या. बुलेट पसंत पडली आणि आठशे गाड्यांची मागणी गेली. 1955 साली मद्रासेत एनफिल्ड इंडिया ही कंपनी निघाली. आरंभी विलायतेहून आलेले भाग तिरुवोत्तियूरच्या कारखान्यात नुसते जोडीत. काही वर्षांत सगळे भाग येथेच होऊ लागले. नवलाची गोष्ट पुढेच आहे. रेडिचचा कारखाना 1967 साली बंद पडला आणि मद्रासची गाडी चालूच राहिली. इतकेच नव्हे, 1977 पासून ती उलट विलायतेस जाऊ लागली. ट्रायलच्या मैदानावर तोवर हलक्या स्पॅनिश गाड्यांचे राज्य आले होते. बुलेटचे मैदान बदलून आपली अंगणे झाली होती.

आमच्या वडिलांनी 1966 साली एक जुनी बुलेट घेतली. धंतोलीतले आमचे घर, पुढे फरशीचे अंगण आणि कडूनिंबाचे झाड. कामासाठी त्यांना काटोल, उमरेड, हिंगणा या बाजूंस जावे लागे. नागपूरच्या पश्चिमेची काळी माती ज्यांनी पावसाळ्यात तुडविली आहे त्यांस अधिक सांगणे नको. ती चाक आणि चिखलपट्टी यांच्यामध्ये इतकी घट्ट बसते की चाक फिरेनासे होते. ट्रायलचे स्वार चिखलपट्टी चाकापासून बोटभर वर घेतात, हे वडिलांनी कुठे वाचले नव्हते. एकदा हिंगण्याच्या वाटेवर काडीने माती कोरीत तासभर बसल्यावर त्यांनी घरी येऊन नेमके तेच केले.

तरीही इंजिनाला हात लावण्याची त्यांची छाती नव्हती. ती आली एका अपघाताने. गाडी एका दुकानात दुरुस्तीला दिली होती. ते दुकान आता नाही, नावही सांगण्याचे कारण नाही. दुकानातून आल्यावर दुसऱ्याच दिवशी किक मारताच ती उलटी फिरली आणि वडिलांचा घोटा सुजून दीड महिना ते घरी बसले. बिनपगारी रजा पडली. शेजारी मोतीबागेच्या रेल्वे कारखान्यातले एक वयस्क फिटर राहत. आम्ही मुले त्यांना काकाजी म्हणत असू. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "भाऊ, ठिणगी लवकर पडून राहिली जी. दट्ट्या वर पोचायच्या आधीच मार बसते, मग किक परतणार नाही तर काय?"

त्यानंतरचे चार रविवार आमच्या घरची शाळा अंगणात भरली. पॉइंट म्हणजे दोन लहान टोके. ती उघडतात त्या क्षणी ठिणगी पडते. तो क्षण डोळ्यांना दिसत नाही. काकाजींनी सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद त्या टोकांत धरविला आणि मागचे चाक गिअरमध्ये घालून हळूहळू फिरवावयास सांगितले. कागद हातात अलगद सुटला की पॉइंट उघडले. त्याच वेळी प्लगच्या भोकातून सोडलेली सायकलची तार दट्ट्या किती खाली आहे ते सांगे. कागद धरण्याचे काम आमचे होते. दहा वर्षांच्या पोराच्या चिमटीवर वडिलांचा घोटा अवलंबून आहे, ही जाणीव आम्हांस त्या वेळी पुरेपूर होती.

टॅपेटचे काम त्याहून सोपे. इंजिन थंड असताना सिलिंडरच्या बुडाशी असलेले एक झाकण काढावयाचे. दट्ट्या वर आणून दांडी दोन बोटांनी फिरवून पाहावयाची. ती मोकळी फिरावी, पण वरखाली हलू नये. फटीचे माप शून्य. बाकी साखळी घासलेटात धुणे आणि क्लचच्या तारेला तेल पाजणे हे किरकोळ. साखळी धुण्यास आईची पितळी परात गेली, ती पुन्हा स्वयंपाकघरात आली नाही. याबद्दल आईने वडिलांना अखेरपर्यंत क्षमा केली नाही, आणि तिचे चुकले असे आम्हांस वाटत नाही.

हे सारे ऐकून जुन्या काळाचा फार गौरव करण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. घरोघरी पाना हाती घेतला गेला तो हौसेने थोडा आणि टंचाईने अधिक. आयातीवर बंधने होती, नव्या गाडीला वाट पाहावी लागे, सुटे भाग बनावट निघत. शिवाय घरच्या हातांनी गाड्या सुधारल्या तशा बिघडविल्याही. बुलेटच्या पुष्कळशा नटांचे आटे जुन्या इंग्रजी मापाचे. त्यांना मिलिमीटरचा पाना लावला की तो बसल्यासारखा वाटतो, जोर दिला की नटाचे कोपरे गोल होतात. मग छिन्नी आणि हातोडी. अशी छिन्नीने मारलेली नटे नागपुरात आम्ही इतकी पाहिली आहेत की त्यांचे एक प्रदर्शन भरविता येईल. काकाजींनी वडिलांना पहिली अक्कल दिली ती हीच: नट आधी ओळखावा, पाना मग उचलावा.

पुढे पॉइंटांची जागा इलेक्ट्रॉनिक ठिणगीने घेतली. 2009 च्या सुमारास जुने लोखंडी इंजिन गेले आणि नव्यात टॅपेट तेलाच्या दाबावर आपले आपणच नीट राहू लागले. 1 एप्रिल 2020 पासून धुराचे नवे नियम आले. कार्ब्युरेटर जाऊन पेट्रोल संगणकाच्या हुकमाने इंजिनात जाऊ लागले. या गाड्या बटणावर सुरू होतात, तेल गळत नाहीत आणि कोणाचा घोटा मोडीत नाहीत. त्यांना नावे ठेवणे अन्यायाचे होईल. मात्र त्यांतला एखादा सेन्सर बिघडला तर मालकाने अंगणात बसून करण्याजोगे काही उरत नाही. सान रेमोच्या त्या नियमाखाली अशी गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहिली असती, आणि तिच्याशेजारी तिचा स्वारही.

आमची गाडी अजून धंतोलीतच आहे. गेल्या दिवाळीत पुण्याहून भाचा आला. तो संगणकाच्या कामात आहे आणि त्याच्याकडे नवी बुलेट आहे. "मामा, ही चालू होते का?" असे त्याने विचारले. होत नव्हती. त्याने हौसेने स्वतःचा नवा पानासंच आणला आणि टॅपेटच्या झाकणाला एक पाना लावला. आम्ही त्याचा हात धरला, आतून वडिलांची धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली इंग्रजी मापाची हत्यारे आणून दिली आणि पातळ कागदासाठी पानठेल्यावर गेलो.