आयपीएमधला 'आय'

आयपीए म्हणजे इंडिया पेल एल. अमेरिकन क्राफ्ट बिअर पिणाऱ्यांना हे नाव पाठ असतं, पण त्यातल्या इंडियाची चौकशी फारसं कुणी करत नाही. मी पुण्यात कोड लिहितो, शनिवारी मित्रांबरोबर चार-पाच छोटे ग्लास मांडून बिअरला गुण देतो आणि माझं गाव पेणजवळचं हमरापूर आहे. त्यामुळे मला तो 'आय' जरा खुपतो.

गोष्ट अशी सांगतात की, लंडनच्या हॉजसन नावाच्या ब्रूअरने भारतासाठी मुद्दाम ही बिअर शोधली. ही लोणकढीच आहे. भरपूर हॉप्स घातलेली फिकट बिअर इंग्लंडमध्ये आधीपासून बनत होती. हॉजसनची ब्रूअरी कंपनीच्या जहाजांच्या धक्क्याजवळ होती आणि तो कप्तानांना लांब मुदतीची उधारी द्यायचा. धंदा जमला तो त्यावर! पुढे १८२०च्या दशकात बर्टनचे ब्रूअर त्यात उतरले. गंमत म्हणजे, 'ईस्ट इंडिया पेल एल' हे नाव आजवर सापडलेल्या सर्वांत जुन्या छापील उल्लेखात दिसतं ते सिडनीच्या १८२९च्या वर्तमानपत्रात.

मुंबईपर्यंतचा प्रवास काही महिन्यांचा, विषुववृत्त दोनदा ओलांडायचं. तरी बिअर टिकायची. हॉप्समधली आम्लं उकळताना कडू होतात आणि बिअर आंबवणाऱ्या जिवाणूंना रोखतात. ज्या कडूपणाला आपण आज गुण देतो, तो एका अर्थी पॅकेजिंगचा भाग होता.

आता किनाऱ्याकडे या. आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा. इथली माडी नारळाच्या झाडाची, ताडी ताडाची. भंडारी झाडावर चढतो, तुऱ्याला छेद देतो, खाली मडकं बांधतो. रस पहाटे गोड असतो. त्यात यीस्ट घालावं लागत नाही, हवेतलंच पुरतं. दुपारपर्यंत फसफसतो, संध्याकाळी आंबट होतो आणि काही दिवसांत त्याचा व्हिनेगर होतो. त्याला रोखणारं त्यात काहीच नाही. जो रस तालुक्याबाहेर जाईपर्यंत बदलतो, त्याला कोण बाटलीत भरणार आणि कोण लेबल लावणार?

पण सगळा दोष रसायनशास्त्राला देता येत नाही. १८७८मध्ये मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा आला. रस काढायला परवाना आणि झाडागणिक कर. १८९२मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरही कायदा आला. फुलं साठवणंसुद्धा सरकारच्या नजरेखाली. १९४९च्या दारूबंदी कायद्याने उरलंसुरलं केलं. आजही महाराष्ट्रात प्यायला कागदोपत्री परवाना लागतो, हे बारमध्ये बसलेल्या किती जणांना माहीत असतं?

अमेरिकेतही दारूबंदी होती, १९२० ते १९३३. ती उठली तरी घरी बिअर बनवणं बेकायदाच राहिलं. ते कायदेशीर करणाऱ्या विधेयकावर जिमी कार्टर यांनी सही केली १९७८मध्ये, म्हणजे आपल्या अबकारी कायद्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी. कॅस्केड ही हॉप्सची जात १९७२मध्ये आली होती. १९७५ला अँकरची लिबर्टी एल, १९८०ला सिएरा नेवाडाची पेल एल. घरच्या घरी बिअर बनवणारे हौशी पुढे ब्रूअर झाले, काही परीक्षक झाले. त्यांनी शब्द घडवले, मोजमाप ठरवलं. त्यांच्या नियमपुस्तिकेत अमेरिकन आयपीएचा कडूपणा ४० ते ७० आयबीयू असा नोंदलेला आहे. आमच्याकडच्या भंडाऱ्यांना हौशी व्हायची मुभाच मिळाली नाही, कारण हौसेलाही परवाना होता.

चवीची भाषा मात्र आमच्याकडे होती. जुनी माणसं अजून विचारतात: कुठल्या झाडाची, किती वाजता उतरवलेली? अ‍ॅपमध्ये पाच तारे आहेत, पाव-पाव ताऱ्याची सोय आहे, पण वेळेचा रकाना नाही. सात वाजताची माडी आणि अकराची माडी ही दोन वेगळी पेयं आहेत. डेटाबेसवाल्याला विचारा, प्रायमरी की कुठली धरणार?

२००९मध्ये पुण्यात डूलालीने देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रूअरींपैकी एक सुरू केली. आता इथेच आयपीए बनते, हॉप्स मात्र बाहेरून येतात. कॅस्केडचा वास नोंदवताना सगळे ग्रेपफ्रूट लिहितात. मी पपनसाची साल लिहितो. पपनस कोकणात अंगणात असतं, वासही बराच जवळचा आहे, आणि हाताखाली सालीचा तेलकटपणा आठवतो.