तळटीप १४ : लेटरबॉक्सिंग

१४. खुणांच्या चिठ्ठीवरून रानात लपवलेली डबी शोधायची, तिच्यातल्या रबरी शिक्क्याचा ठसा आपल्या वहीत घ्यायचा, आपला तिच्या वहीत उमटवायचा आणि डबी जागच्या जागी ठेवायची, असा हा छंद. मूळ इंग्लंडातल्या डार्टमूरचे : १८५४ साली जेम्स पेरट या वाटाड्याने क्रॅनमिअर पूल येथे भेटपत्रांसाठी बाटली ठेवली. अमेरिकेत तो १९९८ मधील ‘स्मिथसोनियन’ मासिकातल्या लेखानंतर पसरला. अशी डबी सैनिकाच्या थडग्यापाशी लपवली, तर तिथे असा खेळ म्हणजे अनादर, हा आक्षेप मला पटत नाही. खुणा शिळेवरच्या नावावर, पलटणीवर, मृत्यूच्या सालावर बेतलेल्या असल्या की शोधणाऱ्याला ती शिळा वाचावीच लागते, आणि आडरानातल्या अशा शिळेला वाचक मिळणे हाच तिचा मान. डबी मात्र थडग्याच्या दगडांत खुपसू नये.