लाकूड फुगलं, नेम चुकला

मंडळी, आता आपण रेमिंग्टन ७०० या रायफलीकडे येऊ. मुळात ही शिकारीसाठी कारखान्यात बनणारी रायफल. १९६६ साली अमेरिकेच्या मरीन दलानं तिला एम४० या नावानं स्वीकारलं आणि व्हिएतनामला नेलं. तिथल्या दमट हवेत लाकडी दस्ता फुगायचा, वाकायचा, नळीला टेकायचा. गोळी सुटताना नळी थरथरते. टेकलेल्या नळीची थरथर बदलते. मग काल जुळवलेला नेम आज चुकायचा, आणि तिथं चूक म्हणजे जिवाशी गाठ. १९७०च्या दशकात क्वांटिकोच्या कारागिरांनी मूळ यंत्रणा तीच ठेवून जाड स्टेनलेस स्टीलची नळी आणि फायबरग्लासचा दस्ता बसवला. म्हणजे बघा, अचूकता आपण नळीतच शोधतो. ती निम्मी दस्त्यात असते.