द्वेषाविना वर्णद्वेष

'रेसिझम' या शब्दाला मराठीत 'वर्णद्वेष' हा प्रतिशब्द रूढ झाला आहे. शब्द सुटसुटीत आहे. पण त्यात एक गृहीतक दडलेले आहे. जिथे वर्णद्वेष आहे, तिथे कुणाच्या तरी मनात द्वेष असलाच पाहिजे, असे तो शब्द नकळत सुचवतो. ब्रिटनचा १९४८ नंतरचा इतिहास वाचताना हे गृहीतक अपुरे पडते. तेथील मोठे अन्याय ज्या कागदांवर घडले, त्यांची भाषा सभ्य आणि संयत आहे. कायद्यांच्या कलमांत तर वर्णाचा उल्लेख शोधूनही सापडत नाही.

२२ जून १९४८ रोजी 'एम्पायर विंडरश' या जहाजाचे प्रवासी लंडनजवळच्या टिलबरी बंदरात उतरले. त्यांत जमैका, त्रिनिदाद आदी कॅरिबियन बेटांवरचे शेकडो लोक होते. काहींनी महायुद्धात ब्रिटनच्या हवाई दलात काम केलेले होते. ते परके म्हणून आलेले नव्हते. ब्रिटन आणि त्याच्या वसाहती यांना एकच नागरिकत्व देणारा कायदा त्याच वर्षी संमत झाला. मात्र जहाज लागले त्याच दिवशी मजूर पक्षाच्या ११ खासदारांनी पंतप्रधान ॲटली यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या आगमनाबद्दल चिंता व्यक्त केली होती. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेण्याची सुरुवात अशी पहिल्याच दिवशी झाली.

पुढचे टप्पे थोडक्यात असे. १९६२ च्या कायद्याने राष्ट्रकुलातून येणाऱ्यांना रोजगार-परवाना आवश्यक केला. कायदा सर्वांना सारखाच होता. आयर्लंडहून येणाऱ्यांना मात्र तो प्रत्यक्षात लागू झाला नाही. १९६८ मध्ये केनियातून ब्रिटिश पासपोर्ट घेऊन निघालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना रोखण्यासाठी मजूर पक्षाच्या सरकारने तीन दिवसांत संसदेकडून नवा कायदा करून घेतला. या लोकांत गुजराती, पंजाबी होते, तसेच गोव्याचेही होते. ज्याचे आई-वडील वा आजी-आजोबा यांपैकी कुणीच ब्रिटनमध्ये जन्मलेले वा तेथील नागरिक झालेले नव्हते, त्याच्या पासपोर्टला प्रवेशापुरता अर्थ उरला नाही. १९७१ च्या कायद्याने हेच तत्त्व पक्के केले. आजोबा कुठे जन्मले, हा प्रश्न दिसायला वंशावळीचा. त्याचे उत्तर मात्र बहुतांशी कातडीच्या रंगाचे.

हा परिणाम अनवधानाने झाला काय? १९६१ साली गृहमंत्री रॅब बटलर यांनी मंत्रिमंडळापुढे ठेवलेले टिपण या बाबतीत कमालीचे प्रांजळ आहे. ही योजना वर्णभेद न करणारी म्हणून मांडता येते, हा तिचा मोठा गुण. प्रत्यक्षात मात्र तिचा जाच जवळजवळ केवळ वर्णीयांनाच व्हावा असा हेतू आहे आणि तसेच होईल, असा त्याचा आशय आहे. म्हणजे हेतू होता. पण एकदा तो कायद्यात मुरला की पुढे कुणालाही तो मनात बाळगावा लागत नाही. खिडकीपलीकडचा कारकून सज्जन असू शकतो, किंबहुना असतोही. तो फक्त कागद मागतो.

१९६५ पासून ब्रिटनने वांशिक भेदभावाविरुद्धही कायदे केले, हे नोंदवले पाहिजे. तथापि १९७६ चा महत्त्वाचा कायदा पोलिसांच्या कामकाजाला पूर्णपणे लागू होण्यास २००० सालची दुरुस्ती यावी लागली. त्या दुरुस्तीमागे स्टीफन लॉरेन्स या तरुणाचा मृत्यू होता. १९९३ मध्ये लंडनच्या एल्थम भागात गोऱ्या तरुणांच्या टोळक्याने त्याचा खून केला आणि पोलिसांनी तपासाची हेळसांड केली. १९८१ साली ब्रिक्स्टनच्या दंगलीनंतर लॉर्ड स्कारमन यांनी 'संस्थात्मक वंशवाद' ब्रिटनमध्ये असल्याचे नाकारले होते. १९९९ च्या मॅक्फर्सन अहवालाने तो लंडनच्या पोलीस दलात असल्याचे सांगितले आणि त्याच्या व्याख्येत अजाणता बाळगलेला पूर्वग्रह, अज्ञान आणि विचारशून्यता यांचाही समावेश केला. द्वेषाची अट तेथे गळून पडली.

तरीही यंत्र चालूच राहिले. १९७३ पूर्वी येऊन स्थायिक झालेल्यांचा राहण्याचा हक्क १९७१ च्या कायद्याने मान्य केला होता. पण त्याचा कागद त्यांना दिला नव्हता. त्यांच्या आगमनाची नोंद असलेली जुनी कार्डे गृहखात्याने २०१० मध्ये नष्ट केली. पुढे २०१४ आणि २०१६ च्या कायद्यांनी घरमालकांपासून बँकांपर्यंत सर्वांना कागद तपासायला लावले. पॉलेट विल्सन लहानपणी जमैकाहून आल्या होत्या. काही काळ त्यांनी संसदेच्या उपाहारगृहात स्वयंपाकही केला होता. २०१७ मध्ये त्यांनाच हद्दपारीसाठी स्थानबद्ध करण्यात आले. २०१८ मध्ये अशी अनेक प्रकरणे उघडकीस आली आणि गृहमंत्री अँबर रड यांना राजीनामा द्यावा लागला. विल्सन २०२० मध्ये वारल्या.

२०२१ च्या स्यूअल अहवालाने व्यवस्था आता अल्पसंख्याकांविरुद्ध हेतुपुरस्सर रचलेली नाही, असा निर्वाळा दिला. काही समाजगटांची शैक्षणिक प्रगती त्याने दाखवली, ती खरीही आहे. पण हेतू दिसत नाही म्हणून अन्याय नाही, हा युक्तिवाद बटलर यांचे टिपण वाचल्यावर टिकत नाही. गृहखात्याने स्वतःच करवून घेतलेला एक इतिहास याहून स्पष्ट बोलतो : १९५० ते १९८१ या काळातील स्थलांतर व नागरिकत्वाचा प्रत्येक कायदा अंशतः तरी काळ्या-सावळ्या लोकांची संख्या घटवण्यासाठी होता. सरकारने हा अहवाल दडवून ठेवला. न्यायाधिकरणातील लढ्यानंतर तो सप्टेंबर २०२४ मध्ये प्रकाशित झाला.

२०२३ मध्ये केसी अहवालाने लंडनच्या पोलीस दलाला पुन्हा 'संस्थात्मक वंशवादी' म्हटले, तेव्हा आयुक्तांनी निष्कर्ष स्वीकारले, पण 'संस्थात्मक' हे विशेषण वापरायला नकार दिला. शब्दावरचा हा वाद केवळ शाब्दिक नव्हे. ज्याला नाव नाही, त्याचे उत्तरदायित्वही कुणाकडे नसते. म्हणूनच आपणही 'वर्णद्वेष' हा शब्द वर्गात वापरताना त्याच्या उत्तरपदापाशी क्षणभर थांबावे. द्वेष करणारे मरून जातात. त्यांनी केलेले नियम मात्र निर्विकार हातांनी अमलात येत राहतात.